मुंबईचा पूर्व मुक्त मार्ग

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे तालुक्याचे गाव दोन मोठ्या वाटांवर वसलेले आहे. एक वाट लोखंडाची, दुसरी डांबराची. मुंबईहून नागपुराकडे आणि तेथून थेट हावड्यापर्यंत जाणारा लोहमार्ग मलकापूर मागे टाकून नांदुऱ्यास येतो आणि पुढे जलंब, शेगाव ही स्थानके घेत अकोल्याकडे जातो. दुसरी वाट म्हणजे गुजरातेतील हजिऱ्यापासून पूर्वेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. ह्या महामार्गाच्या कडेला हनुमंताची १०५ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. ती दुरूनच दृष्टीस पडते आणि नांदुरा आले हे प्रवाशास पाटी न वाचताच समजते.

अशा रस्त्यावरून कोण जात नाही? मालाने लादलेल्या ट्रका जातात, एस. टी.च्या गाड्या जातात, कापसाने भरलेली बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातात. सायकलीवरून मुले शाळेस जातात आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई बाजारास पायी जाते. रस्ता सर्वांचा, ही फार जुनी समजूत आहे आणि ती चुकीची नाही. परंतु जेथे ताशी तीन किलोमीटर चालणारा माणूस आणि ताशी ऐंशी किलोमीटर धावणारी मोटार एकाच वाटेने जातात, तेथे मोटारीस वेग सोडावा लागतो आणि माणसास जीव मुठीत धरून चालावे लागते.

ह्याच्या अगदी उलट स्वभावाचा एक रस्ता मुंबईत आहे. त्याच्यावर चौक नाही, सिग्नल नाही, दुकान नाही आणि पायी चालणाराही नाही. त्याची लांबी अवघी १६.८ किलोमीटर आहे. म्हणजे गावाकडचा माणूस सकाळी निघाला, तर दुपारपर्यंत सहज चालून जाईल एवढीच. मात्र हा लहानसा रस्ता कागदावरून जमिनीवर येण्यास पन्नास वर्षे लागली. त्याचे नाव पूर्व मुक्त मार्ग. मुंबईत सर्वसामान्य लोक त्याला ईस्टर्न फ्रीवे ह्याच नावाने ओळखतात.

नांदुऱ्यापासून मुंबई पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेव्हा तेथील एका रस्त्याचा आणि वऱ्हाडातील ह्या गावाचा काही संबंध असेल, असे प्रथम वाटत नाही. परंतु संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे.

वऱ्हाडची काळी जमीन कापसासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. त्यामुळे तेथील कापूस इंग्लंडातील गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला एकाएकी मोठी मागणी आली. नांदुऱ्याच्या शेजारचे खामगाव त्या काळी कापसाची मोठी पेठ होते. केवळ ह्या पेठेसाठी जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाची एक छोटी शाखा बांधण्यात आली आणि १८७० मध्ये ती सुरू झाली. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत सरकी काढून, रुई दाबून गाठी बांधावयाच्या, त्या आगगाडीत चढवावयाच्या आणि मुंबईस धाडावयाच्या, असा हा व्यापार होता. जलंबहून मुंबईस निघालेली प्रत्येक गाठ नांदुऱ्यावरूनच पुढे जात असे.

ह्या गाठी मुंबईत उतरत त्या शहराच्या पूर्व किनाऱ्यावर. मुंबईचा पश्चिम किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे. पूर्वेकडे मात्र शहर आणि कोकणची भूमी ह्यांच्या मध्ये समुद्राचा एक शांत भाग आहे. वादळवाऱ्यापासून जहाजांना तेथे आसरा मिळतो. म्हणून मुंबईचे बंदर पूर्वेस झाले. १८७३ मध्ये ह्या बंदराचा कारभार पाहण्यासाठी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक ही गोदी सुरू झाली आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक ही मोठी गोदी तयार झाली. तिलाच आता इंदिरा गोदी म्हणतात. समुद्रात भराव घालून कित्येक एकर नवी जमीन काढण्यात आली. त्या जमिनीवर वखारी, धक्के आणि बंदराचे स्वतःचे लोहमार्ग आले. शिवडीजवळच्या अशाच भराव-जमिनीवर कापसाची प्रचंड गोदामे उभी राहिली. त्या भागाला कॉटन ग्रीन असे नाव पडले आणि तेथील रेल्वे स्थानक आजही त्याच नावाने ओळखले जाते. वऱ्हाडच्या शेतातील पांढऱ्या बोंडाने मुंबईच्या नकाशावर आपले नाव असे लिहून ठेवले आहे.

पूर्व किनाऱ्याची मोठी पट्टी बंदराच्या ताब्यात गेली, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. कारण मुक्त मार्गाचा सारा इतिहास तिच्याशी निगडित आहे.

मुंबई हे शहर चहूकडे सारखे पसरलेले नाही. ते दक्षिणेकडे निमुळते होत गेलेले आहे. कचेऱ्या, बँका, न्यायालये आणि बाजार ह्यांची गर्दी त्या निमुळत्या टोकाकडे झाली. राहण्याची जागा मात्र उत्तरेकडेच मिळू लागली. १९६१ मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख होती; २०११ मध्ये ती १ कोटी २४ लाखांवर गेली. एवढ्या लोकांपैकी पुष्कळांना सकाळी दक्षिणेस यावयाचे असते आणि संध्याकाळी उत्तरेस परतावयाचे असते. बाटली मोठी असली, तरी पाणी तिच्या गळ्यातूनच ओतावे लागते. तशी ही स्थिती आहे. जे थोडे रस्ते दक्षिणोत्तर जात होते, त्यांच्या दोन्ही अंगांस इमारती व दुकाने दाटलेली होती. ते रुंद करावे तर घरे पाडावयास हवी होती.

अशा शहरांसाठी मोटारींचे स्वतंत्र रस्ते बांधण्याची कल्पना प्रथम युरोपात रुजली. १९२४ मध्ये इटलीत मिलान शहरापासून सरोवरांच्या प्रदेशाकडे जाणारा रस्ता खुला झाला. तो केवळ मोटारींसाठी राखून ठेवला होता. घोडागाड्यांना व पादचाऱ्यांना तेथे मज्जाव होता. १९३२ मध्ये जर्मनीत कोलोन आणि बॉन ह्या दोन शहरांना जोडणारा असाच एक रस्ता सुरू झाला. त्याची लांबी सुमारे वीस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या मुक्त मार्गापेक्षा थोडीशीच अधिक होती. पुढे अमेरिकेत अशा रस्त्यांचे जाळे पसरले.

ह्या रस्त्याला ‘मुक्त’ म्हणतात ते कोणत्या अर्थाने, हे येथे पाहिले पाहिजे. पथकर नसलेला रस्ता, असा त्याचा अर्थ नव्हे. वाहतूक अडथळ्यांतून मुक्त असते, म्हणून तो मुक्त मार्ग. दुसरा रस्ता त्याला समपातळीवर छेदीत नाही. तो त्याच्या खालून किंवा वरून जातो. त्यामुळे चौक उरत नाही आणि सिग्नलची गरजही राहत नाही. कडेच्या घरांतून किंवा गल्ल्यांतून एकदम रस्त्यावर येता येत नाही. ठरावीक ठिकाणीच चढावयाचे आणि ठरावीक ठिकाणीच उतरावयाचे. जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांमध्ये दुभाजक असतो. थोडक्यात, हा रस्ता आगगाडीच्या रुळांसारखा आहे. फरक इतकाच की त्याच्यावर गाडी ज्याची त्याने हाकावयाची असते.

मुंबईच्या रस्त्यांचा अभ्यास करण्याचे काम १९६२ मध्ये विल्बर स्मिथ अँड असोसिएट्स ह्या अमेरिकन सल्लागार संस्थेकडे देण्यात आले. १९६३ मध्ये तिने आपला अहवाल सादर केला. शहराच्या दोन्ही किनाऱ्यांवरून, पश्चिमेस एक आणि पूर्वेस एक, असे मुक्त मार्ग बांधावेत, ही त्यातील एक महत्त्वाची सूचना होती. दाट वस्ती मध्यभागी होती आणि कडा त्या मानाने मोकळ्या होत्या; तेव्हा कडेने रस्ता न्यावा, हा विचार सरळ व सुबोध होता.

सरळ दिसणारे काम नेहमीच सोपे असते असे नाही. रस्ता हा मुख्यतः डांबराने आणि काँक्रीटने बनतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो प्रथम जमिनीने, नंतर पैशाने, आणि ह्या दोहोंच्याही आधी अनेकांच्या संमतीने बनतो. पूर्व किनाऱ्यावरील जमीन एकट्या महानगरपालिकेची नव्हती. काही बंदराची होती, काही मिठागरांची होती, काही केंद्र सरकारच्या इतर खात्यांची होती. शिवाय ज्या जागा नकाशावर मोकळ्या दिसत होत्या, त्या मोकळ्या राहिल्या नाहीत. शहरात काम मिळते, पण घर मिळत नाही, अशा माणसांनी तेथे पत्र्याची आणि कुडाची घरे बांधली. योजना कागदावर थांबली. माणसे मात्र थांबली नाहीत. काही वर्षांनी अधिकारी रस्त्याची रेघ आखण्यास आले, तेव्हा त्या रेघेखाली चुली पेटलेल्या होत्या आणि मुले खेळत होती. उशिराची किंमत अशी दुहेरी असते. काम तर महाग होतेच. त्याशिवाय ज्यांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता, त्यांनाही त्याची झळ लागते.

पुढे काळ पालटला. १९८९ मध्ये बंदराच्या समोरच्या काठावर न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि मोठ्या पेट्यांतून येणारा माल तिकडे वळला. २००५ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या सुधारणेसाठी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. त्या योजनेतून पैशाचे साहाय्य मिळाले आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मुक्त मार्गाचे काम अंगावर घेतले. २००८ पासून प्रत्यक्ष बांधकामास आरंभ झाला. मार्गात येणाऱ्या झोपड्यांतील कुटुंबांना दुसरीकडे घरे देऊन त्यांचे पुनर्वसन करावे लागले. १३ जून २०१३ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण ह्यांच्या हस्ते ह्या मार्गाच्या पहिल्या मोठ्या टप्प्याचे उद्‌घाटन झाले. उरलेला टप्पा १६ जून २०१४ रोजी खुला झाला. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख ह्यांचे नाव ह्या मार्गाला देण्यात आले आहे. अहवालाच्या वर्षी जन्मलेले मूल मार्ग खुला झाला तेव्हा पन्नाशीस पोहोचले होते.

आता ह्या मार्गाने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊन पाहावे. आरंभ होतो तो पी. डिमेलो रस्त्यावर, ऑरेंज गेट ह्या ठिकाणी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून जवळच आहे. म्हणजे नांदुऱ्यास आगगाडीत बसलेला प्रवासी जेथे उतरतो, तेथून हा मार्ग हाकेच्या अंतरावर आहे. पी. डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी होते आणि रस्त्यास त्यांचे नाव दिलेले आहे. ऑरेंज गेट हे गोदीचे एक प्रवेशद्वार. ह्याच गोद्यांमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागून भयंकर स्फोट झाला होता. जहाजात स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस सर्व भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

येथून रस्ता उंच खांबांवर चढतो आणि सुमारे सव्वानऊ किलोमीटर तसाच खांबांवरून जातो. तो जमिनीवर का उतरत नाही, ह्याचे उत्तर मागे आलेलेच आहे. खाली बंदराची जमीन आहे. तेथे वखारी आहेत, मालमोटारींची ये-जा आहे. हे सारे मोडून रस्ता करणे शक्य नव्हते. जमिनीवर जागा नसली, की झाड वर वाढते. रस्त्यानेही तेच केले. खांब रोवण्यापुरती जागा खाली घेऊन बाकीचा रस्ता हवेत नेण्यात आला.

वरून जाताना उजवीकडे गोद्यांच्या उंच याऱ्या दिसतात. डाव्या बाजूस माझगाव, रे रोड, कॉटन ग्रीन हे भाग मागे पडतात. काही गोदामांची जुनी छपरे अजून दिसतात. ह्याच भागात एके काळी वऱ्हाडच्या गाठी रचून ठेवलेल्या असत. नंतर शिवडी येते. येथे ओहोटीच्या वेळी समुद्र मागे सरतो आणि विस्तीर्ण चिखल उघडा पडतो. हिवाळ्यात त्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. लांबून पाहणाऱ्यास किनाऱ्यावर गुलाबी चादर पसरली आहे असा भास होतो. वडाळ्याच्या पुढे मिठागरांचे चौकोन आणि तिवरांची हिरवी झाडी दिसते. तिवरांची मुळे किनाऱ्याची माती धरून ठेवतात. शहराचा हा नैसर्गिक बांधच आहे. अभियंत्यांना खांब रोवताना अशा मऊ व दलदलीच्या जमिनीतून खाली कठीण खडकापर्यंत जावे लागते.

आणिक येथे मार्गाचा पहिला भाग संपतो आणि दुसरा सुरू होतो. त्याची लांबी सुमारे पाच किलोमीटर आहे. तो काही ठिकाणी जमिनीवरून, काही ठिकाणी पुलांवरून जातो. ह्याच टापूत माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि पलीकडे तुर्भ्यास भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. मध्ये एक टेकडी आडवी येते. तिला वळसा घालण्यास जागा नव्हती. म्हणून तिच्या पोटातून शेजारी शेजारी दोन बोगदे काढण्यात आले, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. प्रत्येक बोगदा सुमारे अर्धा किलोमीटर लांब आहे. भोर घाटातील किंवा कसारा घाटातील बोगदे प्रवाशांच्या परिचयाचे असतात. भर शहरात डोंगर पोखरून काढलेला मोटाररस्त्याचा असा बोगदा मात्र मुंबईकरांस नवलाचा वाटला.

बोगद्याबाहेर पांजरापोळ हे ठिकाण लागते. तेथून तिसरा भाग, म्हणजे सुमारे पावणेतीन किलोमीटरांचा उड्डाणपूल, गोवंडीकडून घाटकोपरच्या दिशेने जातो आणि पूर्व द्रुतगती महामार्गास जाऊन मिळण्याची सोय करून देतो. हा महामार्ग ठाण्यास जातो. ठाण्याहून नाशिक, नाशिकहून धुळे, आणि धुळ्याहून जळगाव व मलकापूर करीत तीच वाट नांदुऱ्यास येऊन पोहोचते. मुंबईच्या गोदीपासून वऱ्हाडापर्यंतचा रस्ता असा सलग जोडला गेलेला आहे.

मुक्त मार्गामुळे मोठी सोय झाली, ह्यात शंका नाही. पूर्वी दक्षिण मुंबईहून चेंबूरला मोटारीने जाण्यास गर्दीच्या वेळी तास-तास लागत असे. आता तोच प्रवास वीस-पंचवीस मिनिटांत होऊ शकतो. गर्दीच्या रस्त्यांवरील काही भार हलका झाला. ह्या मार्गावर पथकरही घेतला जात नाही.

तथापि सोय कोणाची झाली, हाही प्रश्न विचारावयास हवा. ह्या मार्गावर पादचाऱ्यास प्रवेश नाही, सायकलीस नाही, बैलगाडीस नाही. मोटारसायकल व स्कूटर ह्यांना मनाई आहे आणि तीन चाकी रिक्षालाही मनाई आहे. वेगाच्या रस्त्यावर हे नियम आवश्यक आहेत. उंच कठड्याच्या रस्त्यावर वाऱ्याच्या झोताने दुचाकी डळमळली, तर प्राणावर बेतते. नियम योग्य असला, तरी त्याचा परिणाम असा होतो की मार्ग सर्वांच्या पैशाने बांधला गेला आणि तो वापरता येतो मुख्यतः चारचाकी गाडी असणाऱ्यास. बेस्टच्या काही बसगाड्याही ह्या मार्गाने नेण्यात आल्या. एक बसगाडी कित्येक मोटारींएवढी माणसे नेते; म्हणून अशा मार्गावर बसगाड्या जितक्या अधिक, तितका त्याचा लाभ अधिक जणांस मिळणार हे उघड आहे.

मौज अशी की, ह्या मार्गाच्या जवळूनच दुसरी एक वाट जाते आणि ती याहून पुष्कळ जुनी आहे. ती म्हणजे हार्बर रेल्वे. १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड असा तिचा आरंभ झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवर चालणारी आगगाडी ह्याच वाटेने, व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा ही तिची स्थानके मुक्त मार्गाच्या आसपासच आहेत. एका वाटेवर एकेका मोटारीत एकदोन माणसे बसलेली असतात. दुसऱ्या वाटेवर एकेका गाडीतून हजारो माणसे दाटीवाटीने जातात. मोठ्या शहरास दोन्ही वाटा लागतात. परंतु कोणती वाट किती माणसांच्या उपयोगी पडते, हे मोजल्यावाचून पुढची योजना आखणे शहाणपणाचे होणार नाही.

आणखीही एक गोष्ट अनुभवास आली. मार्गावर गाडी भरधाव येते खरी. पण मार्ग संपला, की ती पुन्हा जुन्याच अरुंद रस्त्यावर उतरते. गर्दीच्या वेळी दक्षिणेच्या टोकास गाड्यांची रांग लागते. पाट कितीही रुंद खणला, तरी शेवटची चारी अरुंद असेल, तर पाणी तेथे तुंबते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. त्यावर उपाय म्हणून ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत शहराच्या पोटातून जुळे बोगदे खणण्याची योजना हाती घेण्यात आली. इकडे शिवडीपासून समुद्रावरून उरण तालुक्याकडे जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याची लांबी सुमारे २२ किलोमीटर आहे आणि तो मुक्त मार्गास जोडलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावरही २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ मध्ये वरळी ते मरीन ड्राइव्ह हा किनारी रस्ता सुरू झाला. अहवालात सुचविलेली दोन्ही किनाऱ्यांवरील मार्गांची कल्पना अशी साठ वर्षांनी आकारास येत आहे.

जगाचा अनुभव मात्र सावधही करतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने बंदराच्या काठाने असाच एक उंच मुक्त मार्ग बांधला होता. त्याच्यामुळे शहराला समुद्र दिसेनासा झाला, म्हणून लोकांनी त्याचे पुढील काम होऊ दिले नाही. १९८९ च्या भूकंपात त्या मार्गाची हानी झाली. तेव्हा तो दुरुस्त करावा की काढून टाकावा, असा प्रश्न उभा राहिला. शहराने तो काढून टाकण्याचे ठरविले आणि १९९१ मध्ये तो पाडण्यात आला. आज तेथे झाडांनी शोभणारा रुंद रस्ता आहे, ट्रामगाड्या धावतात आणि लोक पाण्याच्या कडेने चालत फिरतात. ह्यावरून मुक्त मार्ग वाईट असतात असे ठरत नाही. मुंबईची गरज निराळी, सॅन फ्रान्सिस्कोची निराळी. परंतु एवढे मात्र ठरते की, रस्ता हा शहरासाठी असतो, शहर रस्त्यासाठी नसते. आणि त्याच्याविषयीचा निर्णय नागरिकांनी डोळसपणे घ्यावयाचा असतो.

नांदुऱ्याजवळील महामार्गही पूर्वीसारखा राहिलेला नाही. तो रुंद होत आहे आणि त्याच्यावरील वेग वाढत आहे. जेथे जेथे असा रस्ता गावाजवळून जातो, तेथे तेथे बैलगाडीने पलीकडच्या शेतात कोठून जावयाचे, शाळेच्या मुलांनी रस्ता कोठे ओलांडावयाचा, हे प्रश्न निघतात. ह्या प्रश्नांचा विचार रस्ता आखतानाच केला, तर भुयारी वाट किंवा पूल थोड्या खर्चात होतो. मागाहून केला, तर तोच विचार महाग पडतो आणि मधल्या काळात माणसांचे जीव धोक्यात येतात. पूर्व मुक्त मार्गाची पन्नास वर्षांची कथा हेच सांगते. वेगाने जाणाऱ्यास वाट करून द्यावी. पण हळू चालणाऱ्याची वाट बंद होणार नाही, ह्याची काळजी त्याच नकाशावर, त्याच दिवशी घेतलेली असावी. बांधणाऱ्याची खरी परीक्षा तेथे होते.

स्वाध्याय

१. मुंबईचे बंदर पूर्व किनाऱ्यावर का झाले?

२. ‘मुक्त मार्ग’ ह्या शब्दातील ‘मुक्त’ म्हणजे काय? नांदुऱ्यावरून जाणारा महामार्ग आणि मुक्त मार्ग ह्यांतील तीन फरक सांगा.

३. वऱ्हाडचा कापूस आणि कॉटन ग्रीन ह्यांचा संबंध पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. पूर्व मुक्त मार्गाचा बराचसा भाग खांबांवरून का न्यावा लागला?

५. ‘योजना कागदावर थांबली, माणसे मात्र थांबली नाहीत.’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जीव मुठीत धरणे, हाकेच्या अंतरावर असणे, झळ लागणे, प्राणावर बेतणे.

७. आपल्या गावातील एका रस्त्यावर अर्धा तास उभे राहून पायी जाणारे, सायकली, बैलगाड्या, दुचाकी, मोटारी आणि बसगाड्या मोजा. त्या रस्त्यात कोणती सुधारणा केल्यास अधिकांत अधिक लोकांची सोय होईल, ते दहा ओळींत लिहा.